सैल टोपी

साहेबांना अंघोळीला नेलं आणि त्यांची टोपी जेवणाच्या टेबलावर राहिली. तिच्याभोवती अण्णा, माई आणि व्याही असे तिघं बसले होते. अपघाताचा पंचनामा करायला बसतात तसे.

साहेब चार महिन्यांचे होते. जन्मल्या दिवसापासून ते समोरच्याकडे भुवया वर करून 'तुमचं काम काय ते थोडक्यात सांगा' अशा नजरेने बघत, म्हणून अण्णांच्या थोरल्या बहिणीने, आत्याबाईंनी, त्यांना साहेब म्हणायला सुरुवात केली. खरं नाव दाखल्यावर राहिलं.

टोपी म्हणजे हेल्मेट. बाहेरून पांढरं कडक प्लॅस्टिक, आतून पांढरा फोम, बाजूला पट्टा. अंघोळीचा तास सोडला तर साहेबांनी ते दिवसरात्र घालायचं होतं, झोपेतसुद्धा, आणि तेही पुढचे कित्येक महिने. ते कालच इस्पितळातून आलं होतं. ज्या घराच्या तळमजल्यावर तीन पिढ्या टोप्या वाफवल्या, शिवल्या आणि विकल्या, त्या घरात बाहेरून तयार टोपी आली, हे अण्णांना फार लागलं होतं. नातवाचं ऑपरेशन त्यांनी सोसलं. टोपी सोसवेना.

त्यांनी ती उचलली, उजेडात धरली, आत वाकून बघितलं, वास घेतला.

"हं," ते म्हणाले.

"हं काय?" माईंनी वाटाणे सोलता सोलता विचारलं.

"पुढे बसते. मागे बसते. बाजूंना सैल आहे."

"डोक्यावर न घालता कसं कळलं?"

"काल रात्री घातलेलीच होती की. सूनबाई जेवत होती तेव्हा जरा काढून, घालून बघितली. दोन्ही बाजूंना अख्खं बोट जातं माझं. बोट!" अण्णांनी ते बोट पुरावा म्हणून टेबलावर ठेवलं. "आपल्या दुकानातून अशी टोपी बाहेर पडली असती तर बाबांनी मला साच्यावर चढवून वाफ दिली असती."

"तसंच हवं म्हणे. इस्पितळातला तो टोप्या करणारा मुलगा सांगत होता, वाढायला जागा ठेवलीये."

अण्णा हसले. फार वर्षांनी जुना दोस्त भेटल्यासारखे हसले. "वाढायला जागा! अगं, हे मीच गिऱ्हाइकांना सांगत आलोय. घट्ट झाली की म्हणायचं, वापरून सैल होईल. सैल झाली की म्हणायचं, केस वाढले की बसेल. ज्याला माप साधत नाही तो असंच बोलतो."

हे ऐकून व्याह्यांनी मान हलवली. व्याही, म्हणजे सुनेचे वडील, केस कापायचे. त्यांचं दुकान पुलापलीकडे होतं. डोक्याच्या बाबतीत या दोघांचं कधीच जमलं नव्हतं. एकाचा धंदा डोकं झाकण्याचा, दुसऱ्याचा दाखवण्याचा. लग्नाच्या बोलणीतसुद्धा व्याह्यांनी "टोप्यांनी केस जातात" असं विधान केलं होतं आणि ते मागे घ्यायला लावण्यासाठी आत्याबाईंना मध्यस्थी करावी लागली होती.

"खरंय," आता व्याही म्हणाले. "माझ्या धंद्यातही असतात असे. 'केस दोन दिवसांत बसतील' म्हणतात. कसले बसतात!"

लग्नापासून पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. माईंनी सोललेला वाटाणा हातातच धरून दोघांकडे पाहिलं. त्यांना काळजी वाटू लागली.

*

तसं पाहिलं तर साहेबांचं डोकं या घराच्या हातून एकदा निसटलंच होतं.

दुकानाचा एक नियम होता. गिऱ्हाइकाचं डोकं कधीच चुकत नाही. न बसणारी टोपी चुकते. साहेब जन्मले तेव्हा त्यांचं डोकं जरा लांबट होतं. अण्णांनी त्यांच्यासाठी पहिली टोपी शिवली तीही लांबट शिवली. पुढच्या महिन्यात डोकं आणखी लांब झालं, पण रुंद होईना. अण्णांनी टोपी पुढे-मागे वाढवली आणि बाजूंना छानशी चुणी घातली, त्यामुळे डोकं अगदी गोल दिसायचं. येणारेजाणारे म्हणत, काय सुरेख डोकं आहे! तिकडे व्याह्यांच्या हाताला मधोमध एक कड लागायची. हा भांग पाडण्याची सोय घेऊनच जन्मलाय, असं ते दुकानात सांगत. डोक्याशी पिढ्यानपिढ्या व्यवहार असलेली दोन घराणी होती, आणि दोन्हींनी मिळून ते डोकं उत्तम रीतीने लपवलं. शेवटी लस टोचणाऱ्या डॉक्टरांनी टोपी काढायला लावली, तेव्हा ते उघड झालं.

मग सर्जनबाई आल्या. दिसायला कॉलेजातल्या, बोलायला शांत.

"कवटी म्हणजे एक सलग हाड नसतं," त्यांनी साहेबांच्या डोक्यावरून बोट फिरवत सांगितलं. "बाळाची तर नसतेच. तुकडे असतात, मध्ये शिवणी असतात. मेंदू वाढतो तशा या शिवणी जागा करून देतात. याची मधली शिवण, पुढून मागे जाणारी, वेळेआधीच मिटली. आता बाजूंना वाढायला वाव नाही, म्हणून डोकं पुढे आणि मागे पळतंय."

"शिवण उसवायची म्हणता?" अण्णांनी विचारलं. शिवण म्हटल्यावर त्यांना जरा धीर आला होता.

"नुसती उसवून भागणार नाही, परत मिटेल. तिथली हाडाची पट्टीच काढायची. दोन लहान चिरा देऊ, आत कॅमेरा घालू."

"आणि ती जागा उघडी?"

"नवं हाड येतं. या वयात हाडांना भलता उत्साह असतो. म्हणून तर आत्ताच करायचं. उशीर केला की हाच उत्साह आडवा येतो, मग मोठं ऑपरेशन."

ऑपरेशनच्या दिवशी सगळं घर इस्पितळातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर रांगेत बसलं. व्याही खिशात मशीन घेऊन आले होते. डोक्यावरचे केस काढायचेच असतील तर ते आपल्याच हातून जावेत, परक्याने हात लावू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. नर्सने ते ऐकून घेतलं आणि दार लावलं. सर्जनबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "झालं. छान झालं. थोड्या वेळात दूध मागेल." तेव्हा अण्णांनी शेजारच्या अनोळखी माणसाच्या मांडीवरची टोपी उचलली, तिच्यात तोंड घालून मनसोक्त रडले आणि 'अस्तर फार हलकं वापरलंय' असं सांगून ती परत केली.

दोन दिवसांत साहेब घरी आले. सूज उतरली, टाके सुकले. पुढे हेल्मेटचं माप घ्यायला गेले तेव्हा आतल्या खोलीत फक्त आईवडिलांना बोलावलं. अण्णा आणि व्याही बाहेर बाकावर. हेल्मेट करणाऱ्या मुलाने आत बरंच काही समजावून सांगितलं असावं. दाराआडून अण्णांना एवढंच ऐकू आलं, 'बाजूंना सैल'. पुढचं त्यांनी ऐकायचा प्रयत्नच केला नाही. त्यांना वाटलं, तो माफी मागतोय.

*

दुकानाचं शटर खाली होतं. रविवार असल्यामुळे वाफेची किटली गार. फळीवर लाकडी साचे ओळीने बसले होते, तोंड नसलेल्या पाहुण्यांसारखे.

"व्याही, जरा दिवा धरता?"

व्याह्यांनी दिवा धरला, पण त्यांचा पाय दारातच अडकला होता. "आपण हे करावं का, अण्णा?"

"तुम्ही कधी एक कल्ला वर, एक खाली असं ठेवून गिऱ्हाईक सोडलंत?"

"छे! काय बोलता!"

"मग झालं तर."

व्याही आत आले. या दुकानात त्यांना नेहमी खुर्ची मिळायची, चहा मिळायचा, 'या, बसा' मिळायचं. दिवा धरायला आज प्रथमच सांगितलं होतं. दिवा धरायला आपल्यातल्याच माणसाला सांगतात. पुलापलीकडून इतकी वर्षं येऊनजाऊन जे साधलं नाही ते आज साधलंय, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी दिवा हवा होता त्यापेक्षा जास्तच जवळ नेला.

"थोडा मागे. मिशी जळेल माझी."

अण्णांनी खणातून नमदा काढला. नमदा म्हणजे दाबून दाबून कापडासारखी केलेली लोकर. हा सगळ्यात मऊ, पांढराशुभ्र, खास गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेला. डोळ्यांनीच माप घेऊन त्याचे दोन तुकडे कापले, कडा तासून इतक्या पातळ केल्या की फोम कुठे संपतो आणि नमदा कुठे सुरू होतो ते बोटालाही कळू नये. मग बाकदार सुईने आतल्या आत टाके घातले. वर एकही दिसत नव्हता.

"वा!" व्याही कुजबुजले. "कसब आहे हो तुमच्या हाताला."

"आता बसेल," अण्णा म्हणाले. त्यांच्या मनात कसलंही पाप नव्हतं. नातू सैल टोपी घालून झोपतोय हे सुखाने बघणारा टोपीवाला अजून जन्माला यायचा होता.

दोघं वर आले. माईंनी टोपीकडे पाहिलं, अण्णांच्या कोपराला चिकटलेल्या पांढऱ्या लोकरीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "माझं लक्ष वाटाण्यांकडे होतं. कोणी विचारलं तर मी हेच सांगणार."

साहेब टॉवेलात गुंडाळून आले. अण्णांच्या मुलाने, म्हणजे साहेबांच्या वडिलांनी, त्यांना टोपी घातली, पट्टा लावला. टोपी पहिल्यांदाच अशी छान बसली होती. मुलाला वाटलं, आपला हात आता सरावला. साहेबांनी सगळ्यांकडे एक नजर टाकली, कामकाज तहकूब केलं आणि झोपी गेले.

*

सून मोटार चालवायला शिकवायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून दिवस काढल्यामुळे तिच्या पायाला एक सवय लागली होती: समोरच्याचं काही चुकतंय असं दिसलं की पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. जेवताना आज तो दोनदा दाबला गेला.

पहिल्यांदा आत्याबाईंमुळे. त्या आल्या त्याच "टाका कुठे गं? मला बघू दे, मी चार जणांना सांगितलंय बघून सांगते म्हणून," असं म्हणत. आत्याबाईंची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी जगातले सगळे कॉल आपल्यामार्फतच जावेत असं त्यांना वाटे.

दुसऱ्यांदा अण्णांमुळे. ते फार खूश दिसत होते. अण्णा विनाकारण खूश दिसले की घरात काहीतरी बदललेलं असतं, एवढं तिला या घरात येऊन कळलं होतं.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "काल रात्री मी जेवत असताना साहेबांची टोपी कोणी काढली होती?"

वाटाण्यांची उसळ एकदम फार चविष्ट झाली. सगळे ताटात वाकले.

"मी अंघोळीला गेलो होतो," मुलगा म्हणाला. हे खरं होतं, पण त्याने ते अपराध्यासारखं सांगितलं.

"कोणाला बोल लावायचा नाहीये मला. पण इथे प्रत्येकाला ते डोकं आपल्या धंद्याचं वाटतं. एक जण टोपी बघतो, एक जण केस बघतो, आत्याबाई बातमी बघतात. मी ठरवलंय, टोपी निघेपर्यंत मी साहेबांना घेऊन बाबांकडे राहते."

"आणि मी?" मुलाने विचारलं.

"तू रविवारी येत जा."

"मी नवरा आहे की पाहुणा?"

"ते तू आलास की बघू."

अण्णांचा घास हातातच राहिला. साहेब नसलेलं घर त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. खाली साचे, वर माई, मध्ये जिना, आणि जिन्यावर कुणाचाच आवाज नाही.

"असं कसं!" आत्याबाई उसळल्या. "पुलापलीकडे फोन नीट लागत नाही."

"जाऊ दे तिला," माई म्हणाल्या.

सगळ्यांनी माईंकडे पाहिलं. माई या घरात कधी अण्णांच्या विरुद्ध बोलत नसत. गरजच पडत नसे, त्या सरळ विरुद्ध वागत.

"अगं, तू तिच्या बाजूने?" आत्याबाई म्हणाल्या.

"मी साहेबांच्या बाजूने. पण सूनबाई, जायच्या आधी एकदा या सगळ्यांकडून शब्द तरी घेऊन बघ. टोपीला हात लावणार नाही म्हणून. मग जमलं तर राहा. नाही जमलं तर मीच बॅग भरून देईन." आणि त्यांनी अण्णांच्या कोपराकडे शांतपणे पाहिलं.

सुनेने विचार केला. बॅग तर भरून झाली होती, पण पुलापलीकडच्या खोलीत पाळणा ठेवला असता तर दार उघडलं नसतं. "ठीक आहे. सांगा एकेक जण."

आत्याबाईंनी शब्द दिला, म्हणाल्या, "लांबून बघायला तर बंदी नाही ना?" मुलाने दिला. व्याह्यांनी दिला आणि लगेच पेलाभर पाणी प्यायले.

"अण्णा?"

"आजपासून?"

"आजपासून."

"आत्तापासून मी त्या टोपीला बोटही लावणार नाही," अण्णा म्हणाले. त्यांनी आयुष्यात इतका प्रामाणिक शब्द कधी दिला नव्हता. काम पुरं झालं होतं.

*

साहेब उठले. सुनेने त्यांना मांडीवर घेतलं आणि इस्पितळात सांगितल्याप्रमाणे टोपीच्या बाजूने बोट आत सरकवून बघितलं.

बोट गेलं नाही.

तिने दुसऱ्या बाजूने बघितलं. तिथेही गेलं नाही. ती थांबली. मग तिचा चेहरा असा काही उजळला की मुलगा घाबरून उठला.

"काय झालं?"

"बोट जात नाहीये! अरे, काल एवढी जागा होती. भरली! डोकं रुंद झालं रे!"

"एका दिवसात?"

"सर्जनबाई म्हणाल्याच होत्या, या वयात झपाट्याने वाढतं. भरली रे जागा!" ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मुलाने साहेबांना उचलून गोल फिरवलं. साहेबांनी ही सलगी नापसंत असल्याचं नजरेने कळवलं. आत्याबाईंनी तोवर फोन उचललाही होता.

"हॅलो? वन्संबाई? ऐका, डोकं वाढलं! हो, हो, बाजूंनी! आत्ता, जेवता जेवता!"

"अण्णा, तुम्हाला कळतंय ना?" सून म्हणाली. तिने आनंदाच्या भरात सासऱ्यांचा हातच धरला. "टोपी पुढूनमागून धरून ठेवते, तिकडे डोक्याला जाऊ देत नाही. बाजूंना मोकळं सोडलेलं असतं. मग डोकं आपणहून त्या मोकळ्या जागेत वाढतं. ती जागा हेच तर औषध आहे. सैल नाहीये ती, डोक्याची वाट बघतेय."

अण्णा ऐकत होते. खणातला सगळ्यात मऊ नमदा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. नातवाच्या डोक्याने जिथे जायचं, तिथे आपण आधीच जाऊन बसलोय, तेही न दिसणारे टाके घालून, हे त्यांना हळूहळू कळत गेलं.

व्याह्यांनाही कळलं, किंबहुना त्यांना जरा लवकर कळलं, कारण त्यांना आणखी एक गोष्ट दिसत होती. आता हे उघड झालं की सून बॅग उचलणार. साहेब पुलापलीकडे येणार. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी नातू मांडीवर. त्यासाठी त्यांना काहीच करावं लागणार नव्हतं. फक्त दिव्याचं बोलायचं नाही. त्यांनी पाण्याचा तिसरा पेला प्यायला.

"फोन ठेव," अण्णा बहिणीला म्हणाले.

"अरे, थांब, चुलतबहीण पण लाइनवर घेतलीये."

"ताई, ठेव. डोकं वाढलेलं नाही." अण्णा उभे राहिले. "सूनबाई, टोपी काढ. मी भरलीय ती."

सुनेला कळलंच नाही. "काय भरलीय?"

"जागा. सकाळी. नमदा घालून. मला वाटलं, त्या पोराला माप जमलं नाही आणि तो थापा मारतोय. आम्ही मारतो तशा." त्यांचा आवाज बारीक झाला. "शब्द दिला तेव्हा झालेलं होतं. तोही मी जाणूनच दिला."

फोनमधून कोणीतरी मोठ्याने "काय म्हणाला तो?" असं विचारलं. आत्याबाईंनी नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं. मध्येच लाइन तोडली.

सुनेचा पाय जमिनीवर दाबला गेला आणि दाबलेलाच राहिला. तिने पट्टा सोडला. टोपी उलटी केली, आत बोट फिरवलं, काहीच सापडेना. शेवटी अण्णांनीच नखाने एक टाका उचलून दाखवला आणि दोन्ही तुकडे सोडवून टेबलावर ठेवले. साहेबांच्या कानांच्या वर जरासा गुलाबी ठसा उठला होता.

सुनेने इस्पितळातल्या त्या मुलाला फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला. शिक्षेचाच भाग होता तो.

"कितीसा वेळ होतं?" त्याने विचारलं. "जेवणापुरतं? मग काही नाही. ठसा गेला का बघा थोड्या वेळाने. गेला की टोपी परत घाला. नाही गेला तर घालू नका आणि मला लगेच कळवा." मग म्हणाला, "ताई, मागे एका आजीबाईंनी आत लोकरीचं विणून घातलं होतं. पण टाके दिसत होते. तुमचे कुठे दिसत होते का?"

"नाही," सून नाइलाजाने म्हणाली.

"कमाल आहे!"

अण्णांना या परिस्थितीतही किंचित बरं वाटलं आणि बरं वाटल्याबद्दल लगेच लाज वाटली. "बॅग मी खाली नेऊन ठेवतो," ते म्हणाले. "जड असेल."

तेवढ्यात व्याह्यांनी घसा साफ केला. "दिवा मी धरला होता."

"बाबा!"

"आणि 'वा' पण म्हणालो होतो."

सुनेने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे. दोघं शेजारी शेजारी उभे होते. एकाच्या कोपराला लोकर, दुसऱ्याच्या मिशीला पाणी. "म्हणजे इथे राहिले तर अण्णा, तिकडे गेले तर तुम्ही. मी साहेबांना घेऊन जाऊ कुठे? मोटारीत राहू?"

माई हसल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला, आणि मग मुलगा हसला, आणि मग सुनेलाही आवरेना. रागाने हसायला येतं तसं हसत ती खाली बसली. साहेबांनी वयाच्या मानाने फार गंभीर चेहऱ्याने हा प्रकार पाहिला, आणि ठसा फिका पडत पडत दिसेनासा झाला.

"राहते मी," ती शेवटी म्हणाली. "पण अण्णा, शब्द परत. मला तो नकोय. टोपीला हात तुम्हीच लावायचा."

"मी?"

"रोज सकाळी अंघोळीनंतर. बोट घालून बघायचं, किती सैल आहे ते. माझ्या बोटाला 'जातं' किंवा 'नाही जात' एवढंच कळतं. तुम्हाला केसाएवढा फरक कळतो. पण काही भरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही. नुसतं सांगायचं."

"आणि सैल असली तर?"

"तर सैल ठेवायची."

अण्णांनी मान हलवली. त्यांना हे काम अवघड जाणार होतं.

*

गेलंच अवघड. पुढचे कित्येक दिवस अण्णा रोज सकाळी साहेबांसमोर बसत, टोपीत बोट घालत, उसासा टाकत आणि जाहीर करत, "सैल." सून म्हणे, "छान." अण्णा खाली जाऊन एखादी घट्ट बसणारी टोपी हातात घेऊन मन शांत करत. व्याही आता पुलापलीकडून आठवड्यातून तीनदा येत आणि आल्या आल्या विचारत, "काय, सैलच का?" तेही या कामात भागीदार झाले होते.

मग एका सकाळी अण्णांनी बोट घातलं आणि ते अडलं.

त्यांनी परत घातलं. परत अडलं. दुसरी बाजू पाहिली. तेच. ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि माईंसमोर उभे राहिले.

"तू भरलंस?"

"काय?"

"टोपीत. खरं सांग. मी काही बोलणार नाही."

"मी वाटाणे भरते, सामोशात. टोपीत कशाला भरू?"

त्यांनी मुलाला दाढी करताना गाठलं. आत्याबाईंना फोन लावला. त्यांनी आयुष्यात प्रथमच एखादी बातमी आपल्याला ठाऊक नसल्याचं कबूल केलं. व्याही नेमके जिन्यात भेटले. अण्णांनी त्यांची बाही धरली. "व्याही, तुम्ही एकटे खाली गेला होतात? माझ्या खणाला हात लावलात?"

"दिव्याशिवाय मी कुठे जातो?" व्याही दुखावून म्हणाले.

गडबड ऐकून सून आली. तिने साहेबांना घेतलं, पट्टा सोडला, टोपी खिडकीच्या उजेडात उलटी धरली. आत फक्त पांढरा फोम होता. नखाने खरवडून पाहिलं. टाका नाही, लोकर नाही, काही नाही. मग तिने साहेबांचं उघडं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"अण्णा, इकडे या. हात द्या."

अण्णांनी हात दिले. तळव्यांत डोकं मावलं. हे माप त्यांच्या ओळखीचं नव्हतं.

"कोणी भरलं नाहीये," ती म्हणाली. "त्याने भरलंय."

दुपारी इस्पितळात त्या मुलाने मोजून तेच सांगितलं आणि आतला फोम बाजूंनी तासून आणखी जागा करून दिली. सर्जनबाईंनी साहेबांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि 'मस्त' असा अगदी अवैद्यकीय शब्द वापरला. पण ते सगळं दुपारचं. सकाळी, सुनेच्या त्या वाक्यानंतर, अण्णा दोन-दोन पायऱ्या सोडत खाली दुकानात धावले होते. सांगायला कोणीतरी हवं होतं. दुकानात एकच गिऱ्हाईक होतं, जाडसर, घामेजलेलं, आरशासमोर नवी टोपी डोक्यावर ओढत.

"अहो," ते अण्णांना पाहून कुरकुरलं, "ही बाजूंना फार घट्ट होतेय."

"घट्ट होतेय?" अण्णांनी त्याला घट्ट मिठी मारली. "अभिनंदन!"